खुर्ची सरकवण्याचा हक्क



सुरुवातीला एक छोटंसं काम सांगतो. बसल्याबसल्या आपापली खुर्ची वीतभर डावीकडे सरकवून बघा. (हशा) सरकत नाही ना? खाली लोखंडी पट्टी आहे आणि तिला चार-चार खुर्च्या बोल्टनं आवळलेल्या आहेत. पुढच्याचं डोकं आड आलं तर आपण मान वाकडी करायची, शेजारी आवडला नाही तर आपण उठायचं. खुर्ची हलणार नाही. सभागृहाची ती गरज असते, माझी तक्रार नाही. पण आजचा विषय या वीतभर अंतराचाच आहे, म्हणून आधी तुमच्याकडून करून घेतलं.

पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग बागेत एक हिरवी लोखंडी खुर्ची असते. फ्रेंच माणूस त्या बागेला लुक्सांबूर असं काहीसं म्हणतो. मी आपला शाळेच्या नकाशातलाच उच्चार करणार. त्या खुर्चीवरून प्रेरणा घेऊन एकविसाव्या शतकात एक नवी खुर्ची निघाली आणि ती जगभर पसरली. या नव्या खुर्चीची मला आज समीक्षा करायची आहे. आता, खुर्चीची कसली समीक्षा, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते. आणि माणूस आयुष्यात कवितेपेक्षा खुर्चीत कितीतरी जास्त वेळ काढतो. शिवाय आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांवर खुर्चीचं ऋण आहे. चाळीस वर्षं वर्गात मी "समोर ही खुर्ची आहे हे मला कसं कळतं?" असं विचारत आलो, पण ती खुर्ची चांगली आहे की वाईट हे एकदाही विचारलं नाही.

आधी जुनी खुर्ची बघू. ही बाग सतराव्या शतकात मारी द मेदिसी या राणीसाठी आखली गेली. आज ती फ्रान्सच्या सेनेटच्या ताब्यात आहे, म्हणून तिथल्या खुर्चीला सेनेट खुर्ची असंही नाव पडलं. १९२३ साली पॅरिसच्या बागखात्याच्या कारखान्यात ती तयार झाली. कोणी काढली? एका माणसाचं नाव तिला चिकटलेलं नाही. खात्यातल्या लोकांनी खात्यासाठी केलेली वस्तू. लोखंडी सांगाडा, बसायला आणि पाठीला पट्ट्या, आणि तो ठरलेला हिरवा रंग. साधी खुर्ची आहे, हाताची आहे, आणि एक बुटकी, मागे कललेली आहे, जिच्यात माणूस अर्धवट आडवा होतो. अशा हजारो खुर्च्या बागेत मोकळ्या पडलेल्या असतात. साखळी नाही, बोल्ट नाही. उचलायची, हवी तिथे न्यायची, बसायचं, उठून जायचं. परत ठेवायची सक्तीही नाही.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो १९९० नंतरच्या दशकात, एका परिषदेच्या निमित्तानं. दुपारच्या सत्रातून पळून बागेत जाऊन बसलो होतो. (तेव्हा वक्ते फार लांबण लावायचे. आता मी लावतो.) तिथे मला पहिल्यांदा लक्षात आला तो आवाज. खाली बारीक खडी असते. लोखंडी पाय त्या खडीतून ओढत नेले की खर्रर्र असा आवाज होतो, आणि पाच-दहा जण क्षणभर मान वळवून बघतात. कोणीतरी आलंय, कोणीतरी आपली जागा करतंय. मग परत पुस्तकात डोकं. एक म्हातारं जोडपं आलं. आजीबाईंनी खुर्ची उन्हात लावली, आजोबांनी सावलीत, आणि दोघं चार हातांवरून एकमेकांशी बोलत बसले. ऊन पुढे सरकलं तशी आजीबाईंनी खुर्ची दोनदा सरकवली. संसाराची पन्नास वर्षं त्या चार हातांच्या अंतरात मला दिसली. बाकड्यावर हे झालं नसतं. बाकड्यावर दोघांपैकी एकाला कायम तडजोड करावी लागते.

हाना आरेंट या विदुषीनं १९५८ च्या 'द ह्यूमन कंडिशन' या ग्रंथात सार्वजनिक जग समजावताना टेबलाची उपमा दिली आहे. टेबलाभोवती बसलेल्यांना टेबल जोडतं आणि त्याच वेळी वेगळंही ठेवतं. ते अचानक नाहीसं झालं तर समोरासमोरची माणसं एकमेकांपासून विलगही राहत नाहीत आणि कशानं बांधलेलीही राहत नाहीत. ती उपमा मी वर्षानुवर्षं शिकवली. पण टेबलाचं अंतर सुताराचं असतं, ते आधीच ठरलेलं असतं. त्या बागेतल्या खुर्चीत अंतर ठरवायचं काम बसणाऱ्याकडे दिलंय, आणि हा फरक मला पुस्तकातून कळला नव्हता.

हे सगळं पहिल्यापासून असं उदार होतं असं समजू नका. पॅरिसच्या बागांतल्या खुर्च्या फार काळ भाड्यानं मिळायच्या. शेझिएर म्हणून बायका असत. तुम्ही बसलात की त्या यायच्या, पैसे घ्यायच्या, पावती द्यायच्या. ज्याच्या खिशात नाणं नाही त्यानं दगडी बाकावर किंवा कठड्यावर बसावं. हे भाडं बंद झालं १९७४ साली. म्हणजे आपण जिला अभिजात सार्वजनिक आसन म्हणतो ती खुर्ची आयुष्याची पहिली पन्नास वर्षं फुकट नव्हती.

न्यूयॉर्कनं याच प्रश्नावर केवढा गोंधळ घातला! १९०१ च्या उन्हाळ्यात ऑस्कर स्पेट नावाच्या गृहस्थानं युरोपातली ही पद्धत पाहून तिथल्या उद्यानप्रमुखाकडून परवानगी मिळवली आणि मॅडिसन स्क्वेअरसारख्या बागांत भाड्याच्या खुर्च्या मांडल्या. चांगल्या खुर्चीला पाच सेंट, साधीला तीन. नेमकी त्या वर्षी भयंकर उष्णतेची लाट आली. भाड्याच्या खुर्च्या सावलीत आणि फुकटची बाकडी उन्हात, असं लोकांना दिसलं. लोक खुर्च्यांवर बसायचे आणि पैसे द्यायला साफ नकार द्यायचे. मारामाऱ्या झाल्या, गर्दी जमली, पोलीस आले, आणि जुलैमध्ये परवानगी मागे घ्यावी लागली. खुर्च्या तशा आरामशीर होत्या, त्यांच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. भांडण होतं ते सावलीत बसण्यासाठी पैसे मोजण्याचं.

त्याच शहरात पुढे विल्यम व्हाइट नावाचा अभ्यासक चौकाचौकांत कॅमेरे लावून बसला. लोक कुठे बसतात, किती वेळ बसतात, हे वर्षानुवर्षं बघत राहिला. १९८० साली त्याचं छोटं पुस्तक आलं. त्यात एक निरीक्षण आहे, ते वाचून मी हसलो होतो. मोकळी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती हलवतो. ऊन नाही, वारा नाही, कारण काही नाही, तरी दोन-चार इंच हलवतो, कधी फिरवून पुन्हा होती तिथेच ठेवतो, आणि मग बसतो. व्हाइटच्या मते ते माणसाचं स्वतःच्या मुखत्यारीचं विधान असतं. पुढे ब्रायंट पार्क ही तिथली बाग नशापाण्याच्या व्यवहारानं बदनाम झाली, १९८८ मध्ये बंद केली आणि १९९२ मध्ये नव्यानं उघडली. तेव्हा तिथे हजारोंनी सुट्या घडीच्या खुर्च्या ठेवल्या. चोरीला जातील, एकमेकांच्या डोक्यात घालतील, असं शहाणे लोक म्हणत होते. फारसं काही झालं नाही. खुर्च्या अजून आहेत.

ही पार्श्वभूमी घेऊन आता नवी खुर्ची बघा.

फर्मोब ही फ्रेंच कंपनी. ब्रायंट पार्कातल्या घडीच्या खुर्च्याही तिच्याच, आणि लक्झेंबर्गच्या जुन्या नमुन्याच्या लोखंडी खुर्च्याही ती बनवते. २००४ च्या सुमारास तिनं फ्रेदेरिक सोफिया या डिझायनरकडून त्या जुन्या खुर्चीचा नवा अवतार करून घेतला. नाव ठेवलं, लक्झेंबर्ग. लोखंडाऐवजी अॅल्युमिनियम. नळीचा सांगाडा आणि बाकदार पट्ट्या. एकावर एक रचता येते. रंग म्हणाल तर रंगारीही थकेल इतके.

आधी गुण सांगतो, कारण ते खरे आहेत. एका परिचितांच्या गच्चीवर या खुर्चीत मी बराच वेळ बसलो आहे. पट्ट्यांना दिलेला बाक नेमका आहे. सरळ पट्टीची कड मांडीखाली रुतते आणि अर्ध्या तासात पाय जड होतो. इथे पट्टी शरीराबरोबर वळते. जुन्या खुर्चीचा तोंडावळा ठेवलाय, पण कुठेही नक्कल वाटत नाही. गंज धरत नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एका हातानं उचलता येते. ज्यांना "जुन्यावरून नवं" करायचं असतं त्यातले बहुतेक लोक जुन्याचा नक्षीकाम तेवढं उचलतात. सोफियानं तसं केलं नाही. त्यानं बैठकीचा कल उचलला, तो मागे रेलून बसण्याचा निवांतपणा उचलला. मोठ्या समजुतीचं काम आहे ते.

मग माझी कुरकुर काय आहे?

रंगापासून सुरू करू. जुन्या खुर्चीचा हिरवा रंग झाडीत मिसळतो. खुर्ची दिसावी अशी तिची इच्छाच नाही. दिसतो तो माणूस, खुर्चीत बसलेला. नवी खुर्ची तांबडी, पिवळी, आकाशी. ती रिकामी असताना जास्त छान दिसते! जाहिरातींची चित्रं बघा, बहुतेक वेळा तिच्यात कोणी बसलेलंच नसतं. कोणी म्हणेल, केर्तेशनं १९२० च्या दशकात पॅरिसच्या बागांतल्या रिकाम्या खुर्च्यांचेच फोटो काढले की! काढले, आणि काय सुंदर काढले. पण त्या फोटोंत खुर्च्यांच्या सावल्या आहेत आणि नुकतीच उठून गेलेली माणसं आहेत. दोन खुर्च्या एकमेकींकडे वळलेल्या दिसल्या की संभाषण ऐकू येतं. जाहिरातीतल्या खुर्च्या मात्र कॅमेऱ्याकडे वळलेल्या असतात.

दुसरी गोष्ट वजनाची. ही जरा नीट बोलायला हवी, कारण हलकेपणा मी आत्ताच गुण म्हणून सांगितला. सार्वजनिक खुर्चीचं वजन हा एक करार असतो. इतकं हलकं की आजीबाईंना ओढता यावं. इतकं जड की वाऱ्यानं उडू नये आणि सहज काखेत मारून कोणी घरी नेऊ नये. त्या खर्रर्र आवाजाचाही त्यात भाग आहे. मी जागा करतोय हे इतरांना कळतं आणि त्यांची मूक संमती मिळते. जुन्या कारीगरांनी हे योजून केलं असेल असा माझा दावा नाही. पण शंभर वर्षं वापरून ते त्या वस्तूत मुरलंय. नवी खुर्ची अलगद उचलली जाते आणि गच्चीच्या फरशीवर अलगद ठेवली जाते. संमती घ्यायला तिथे दुसरं कोणी नसतंच.

आणि इथे मी मूळ मुद्द्यावर येतो. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात पलंगाचं प्रसिद्ध उदाहरण आहे. पलंगाचं आदिरूप, सुतारानं केलेला पलंग आणि चित्रकारानं रंगवलेला पलंग. यावरून लोक सहज म्हणतील, १९२३ ची खुर्ची अस्सल आणि २००४ ची तिची छाया. मला ते पटत नाही. खुर्चीवरून खुर्ची करणं हे चित्र काढणं नव्हे; नव्या खुर्चीतही बसता येतं. मला त्याच भागातली पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते, तिच्याकडे वर्गात आमचं दुर्लक्ष व्हायचं. प्लेटो म्हणतो, वस्तू चांगली की वाईट हे खरं तर वापरणाऱ्याला कळतं. बासरी कशी हवी हे बासरीवाला सांगतो आणि करणारा तशी करतो.

मग सार्वजनिक खुर्ची वापरणारा कोण? बसणारा, हे झालंच. पण माळीसुद्धा, जो सकाळी विखुरलेल्या खुर्च्यांमधून वाट काढत झाडलोट करतो. ती दुरुस्त करणारा, वाकलेली पट्टी सरळ करून रंगाचा हात देणारा. बाग बंद व्हायच्या वेळी शिट्ट्या वाजवत फिरणारा पहारेकरी. आणि नंतर येणारा, ज्याला आधीच्या माणसानं सोडलेली जागा मिळते. एवढ्या सगळ्यांनी मिळून त्या जुन्या खुर्चीला सांगितलं, तू अशी हवीस. नव्या खुर्चीला सांगणारा एकच आहे, विकत घेणारा. एका खुर्चीला काही शे युरो मोजणारा. त्याला आरामशीर हवी, टिकाऊ हवी, थंडीत रचून ठेवता यावी, आणि पॅरिसची आठवण यावी. चारही मागण्या सोफियानं उत्तम पुरवल्या. पण माळी गेला आणि नंतर येणाराही गेला. खुर्चीची बैठक आली, बागेतली व्यवस्था आली नाही. आणि "सार्वजनिक आसनावरून प्रेरित" ही पाटी मात्र त्या व्यवस्थेच्या पुण्याईवर लागली आहे.

तुम्ही म्हणाल, हा डिझायनरचा दोष का? थोडा आहे, थोडा नाही. आपल्याच ओळखीचं उदाहरण घ्या. इराण्याच्या हॉटेलातली ती वाकवलेल्या लाकडाची खुर्ची. ते घराणं व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटचं. १८५९ ची त्याची १४ नंबरची खुर्ची म्हणजे सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुटे केले की छत्तीस खुर्च्या एका घनमीटर खोक्यात मावत. म्हणून ती जगभर गेली आणि तिच्या भाऊबंदांवर मुंबई-पुण्यात आपण मस्कापाव खाल्ला. ती विकायची वस्तू होती, कोणा सरकारी खात्याची नव्हती. तरी ती सार्वजनिक झाली, कारण एका चहावर दोन तास बसू देणारा मालक गल्ल्यावर होता. आज तीच खुर्ची जुन्या सामानाच्या दुकानातून दिवाणखान्यात जाते आणि तिच्यावर कुंडी ठेवतात. खुर्चीत काडीचा फरक नाही, गल्ल्यावरचा माणूस तेवढा नाही.

याचं दुसरं टोक टाइम्स स्क्वेअरमध्ये दिसलं. २००९ मध्ये तिथला रस्ता गाड्यांना बंद केला तेव्हा कायमची आसनं तयार नव्हती, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून काही शे स्वस्त घडीच्या खुर्च्या आणून रस्त्यावर मांडल्या. पट्ट्यापट्ट्यांच्या, समुद्रकिनाऱ्यावर असतात तसल्या. वर्तमानपत्रांनी त्यांच्या दिसण्याची भरपूर टर उडवली. लोक मात्र जाऊन बसले, भर रस्त्यात. डिझाइन म्हणून सोफियाच्या खुर्चीच्या पासंगालाही न पुरणारी ती वस्तू, पण सार्वजनिक आसनाचा वारसा कोणी चालवला असं विचारलंत तर मी त्या टरकाऊ खुर्च्यांकडे बोट दाखवीन.

आता एक शरीराची तक्रार, मग थांबतो. ती बुटकी, मागे कललेली खुर्ची, जुनीही आणि नवीही. चाळिशीत मी तिच्यात बसलो तेव्हा स्वर्ग वाटला. परवा त्या गच्चीवर तशीच नवी होती, बसलो, आणि उठताना यजमानांना हात द्यावा लागला. बैठक खाली, गुडघे वर, वजन मागे. उठण्यासाठी माणसाला हातांवर जोर द्यावा लागतो, आणि त्यासाठी खुर्चीचे हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत यायला हवेत, टोकाला मुठीत धरता यायला हवेत. जुन्याचं पुनर्लेखन करायला घेतलं होतं, तर ही चूक दुरुस्त करायची संधी होती. बागेत सर्वांत जास्त वेळ बसणारे आम्हीच असतो हो!

मघाशी चहाच्या वेळी एका विद्यार्थिनीनं मला तिची रेखाटनं दाखवली. ती डिझाइन शिकते आणि आपल्या बागांतल्या जुन्या बाकड्यांवरून एक आधुनिक खुर्ची करते आहे. सिमेंटचे पाय, पाठीवर "यांच्या स्मरणार्थ" अशी अक्षरं, हे तिनं फार गमतीदारपणे खुर्चीत आणलंय. तिनं विचारलं, सर, यात काय कमी आहे? तेव्हा मी उत्तर टाळलं, आता देतो. चित्र छान आहे, मुली. पण तू बाकड्याचं रूप घेतलंस. ते बाकडं जमिनीत का गाडलंय हे अजून कोणाला विचारलेलं दिसत नाही. बागेच्या माळ्याकडे जा. सुट्या खुर्च्या ठेवल्या तर रात्री त्या कोण गोळा करणार, पावसाळ्यात कुठे जाणार, एक हरवली तर कोणाच्या पगारातून कापणार, हे त्याला विचार. तो जे सांगेल त्यातून तुझ्या खुर्चीचं वजन ठरेल, पाय ठरतील, कदाचित रंगही. एक खुर्ची तयार झाली की ती जूनमध्ये बागेत ठेव आणि ऑक्टोबरमध्ये मला दाखव.

आणि तिचे हात जरा पुढे घे. मी बसायला येणार आहे.